१७८६ : व्हिएन्नातलं एक नाट्यवर्ष आणि 'वन्स मोअर'वर आलेली बंदी

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मोझार्टच्या बहुतेक चरित्रांत १७८६ हे साल एका वाक्यात उरकतात: १ मे रोजी व्हिएन्नात त्याचा 'फिगारोचं लग्न' हा ऑपेरा रंगमंचावर आला आणि इतिहास घडला. पण त्या वर्षी तिकीट काढून बसलेल्या माणसाला इतिहासबितिहास काही वाटला नसणार. त्याने वर्षभर इतके खेळ पाहिले की फिगारो हा त्यातला एक. मला त्या माणसाच्या शेजारी बसून ते वर्ष बघायचंय.

सुरुवात ७ फेब्रुवारीपासून. सम्राट दुसरा जोसेफ याची बहीण मारी क्रिस्टीन आणि मेहुणा आल्बर्ट पाहुणे म्हणून आलेले. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या नेदरलँड्सचा कारभार हे दोघं बघायचे. पाहुणचाराची जागा म्हणजे शोनब्रुन राजवाड्यातलं संत्र्यांच्या झाडांचं काचघर. थंडीत नाजूक झाडं जगावीत म्हणून ते आतून उबदार ठेवलेलं असायचं. मध्ये जेवणाची टेबलं आणि दोन्ही टोकांना एकेक रंगमंच. जेवणं झाली की एका टोकाला जर्मन खेळ, तो संपला की दुसऱ्या टोकाला इटालियन.

जर्मन खेळ मोझार्टचा, 'नाटक कंपनीचा मालक'. कंपनीत दोन गायिका, आणि पहिल्या नंबरची कोण यावरून दोघींची जुंपते. दोघी एकीवर एक सूर चढवत जातात आणि मध्ये बिचारा टेनर (चढ्या आवाजाचा पुरुष गायक) समजूत घालत फिरतो. गंमत म्हणजे गाणाऱ्या दोघी खरोखरच्या प्रतिस्पर्धी. एक आलोइसिया लांगे, म्हणजे मोझार्टची मेहुणी (लग्न आधी हिच्याशीच करायचं त्याच्या मनात होतं), आणि दुसरी कातेरिना काव्हालिएरी, दरबारातला इटालियन संगीतकार सालिएरी याची शिष्या.

इटालियन खेळ सालिएरीचा: 'आधी संगीत, मग शब्द'. एका सरदाराला चार दिवसांत नवा ऑपेरा हवाय. संगीतकाराकडे चाली तयार आहेत, आता कवीने मुकाट्याने त्यांत शब्द बसवायचे. कवी वैतागतो. संगीतकार म्हणतो, शब्द ऐकतंय कोण? आपल्या संगीत नाटकाच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. 'मानापमान'साठी टेंबे आणि 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखले चाली देत होते आणि त्या बरहुकूम खाडिलकर पदं रचत होते.

बिदागी : सालिएरीला १०० डुकाट (सोन्याची नाणी), मोझार्टला ५०. यावरून 'पाहा कसा अन्याय' असं लिहिणारे बरेच सापडतील. पण सालिएरीने अख्खा एक अंक संगीतात बसवला होता, आणि मोझार्टच्या वाट्याला नांदी आणि चार गाणी, बाकी सगळे गद्य संवाद. माझ्या मते हिशेब चोख आहे.

मग मार्चमध्ये पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, दोन. मोझार्ट स्वतःच्या रचनांची तारीखवार वही ठेवायचा, तिच्यात २ मार्चला ए मेजर पट्टीतला आणि २४ मार्चला सी मायनर पट्टीतला नोंदलेला आहे. एकाच महिन्यात, तेही फिगारो लिहिता लिहिता! शिवाय १३ मार्चला प्रिन्स आउअर्सपेर्ग यांच्या वाड्यात त्याच्याच आधीच्या 'इदोमेनेओ' या ऑपेराचा खासगी प्रयोग. आणि २९ एप्रिलला वहीत फिगारो.

फिगारोची पूर्वपीठिका थोडक्यात. बोमार्शेचं मूळ फ्रेंच नाटक पॅरिसला १७८४ साली आलं. नोकर फिगारो आपल्या मालकावर, म्हणजे काउंटवर, मात करतो, एवढंच नाही तर मालकाला खडे बोल सुनावतो. १७८५ च्या फेब्रुवारीत शिकानेडरची कंपनी ते व्हिएन्नात जर्मनमध्ये करणार होती, तर जोसेफने प्रयोग बंद पाडला. छापायला मात्र हरकत नव्हती! दा पोंतेने त्याचं इटालियन संहितेत रूपांतर करताना शेवटच्या अंकातलं फिगारोचं ते जहाल स्वगत काढून टाकलं आणि त्याजागी बायकांच्या नावाने बोटं मोडणारं एक गाणं घातलं. दा पोंतेला २०० गुल्डन, मोझार्टला ४५०. हे ४५० गुल्डन म्हणजेच १०० डुकाट, तेव्हा पूर्ण ऑपेराचा तो नेहमीचाच भाव म्हणायचा.

आता मुद्द्याचं. १ मेच्या पहिल्या खेळाला बसलेल्या काउंट झिंझेनडोर्फने रोजनिशीत लिहून ठेवलंय की ऑपेराचा कंटाळा आला. ३ मेच्या दुसऱ्या खेळात पाच गाण्यांना वन्स मोअर. ८ मेच्या तिसऱ्यात सात, त्यांतलं एक छोटं द्वंद्वगीत तर तीनदा म्हणायला लावलं. मोझार्टच्या वडिलांच्या पत्रातच हे आहे. आणि ९ मेला सम्राटाचं फर्मान निघालं: ऑपेरा फार लांबतात, सबब एकाहून अधिक जणांनी मिळून गायचं कुठलंही गाणं यापुढे पुन्हा म्हणायचं नाही.

एकट्याने गायच्या गाण्याला मुभा, पण दोघातिघांच्या गाण्याला मनाई. हे असं का, यावर तुम्हा लोकांची मतं वाचायला आवडतील.

---

आडगावची_सोप्रानो

वा! पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत) असं लिहिणार होते, पण भाग नाहीयेत, धागा आहे. मग बोलतेच.

मला त्या फर्मानात व्यवहार दिसतो. गायक-गायिकांची किंमत वन्स मोअरवर ठरायची. त्यांचं एकट्याचं गाणं पुन्हा होऊ दिलं नाही तर बंडच झालं असतं. फर्मानातच तसं म्हटलंय ना, की गायकांच्या नावलौकिकाला बाध न आणता वेळ आटोक्यात ठेवायची आहे? सम्राटाला आपली मंडळी बरोब्बर माहीत होती.

यावर मायकेल केलीच्या आठवणीतला एक किस्सा आहे. केली हा आयरिश टेनर, फिगारोच्या पहिल्या संचात बाझिलियो आणि तोतरा न्यायाधीश अशा दोन भूमिका त्याच्याकडे होत्या. बंदीनंतर सम्राट गायकांना म्हणाला, वन्स मोअर बंद केले म्हणून तुम्ही खूश असाल, केवढा त्रास व्हायचा तुम्हाला. नॅन्सी स्टोरासने नम्रपणे मान झुकवून 'खरंय महाराज' म्हटलं. केली पटकन म्हणाला, महाराज, यांचं ऐकू नका, सगळ्यांना वन्स मोअर आवडतो, मला तर हमखास आवडतो. सम्राट हसला म्हणे.

जाता जाता: केरुबिनो हा फिगारोतला वयात येणारा पोरगा. गायली दोरोतेआ बुस्सानी, म्हणजे बाई. आणि नाटकात त्या पोराला मुलीचे कपडे घालतात. म्हणजे मुलगी होणाऱ्या मुलाचं काम करणारी बाई. बालगंधर्वांना नऊवारीत पाहिलेल्या प्रेक्षकाला हे फार पटकन पचलं असतं.

---

दहावी_ड

एक बाळबोध प्रश्न. ऑपेरात मध्ये मध्ये बोलतात का? की 'चहा घे' हेसुद्धा गाऊनच सांगतात?

---

मंद्रसप्तक

प्रश्न बाळबोध नाही हो, १७८६ च्या व्हिएन्नात यावर राजकारण चालत होतं.

इटालियन ऑपेरात सगळं गायचं. 'चहा घे' हे बोलण्याच्या लयीत, पण सुरांवर, मागे हार्प्सिकॉर्डचे किंवा फोर्टेपियानोचे तुटक स्वर. जर्मन प्रकारात, म्हणजे झिंगश्पीलमध्ये, संवाद गद्य आणि मध्ये पदं. रचनेच्या बाबतीत आपलं संगीत नाटक या दुसऱ्याच्या जवळचं. जोसेफला आधी जर्मन नाटक वर आणायचं होतं, मग तो इटालियन मंडळींकडे झुकला, आणि १७८५-८६ मध्ये दोन्ही कंपन्या एकाच वेळी पोसत होता. काचघरात दोन टोकांना दोन रंगमंच मांडले ते काही उगाच नाही.

---

बोरूबहाद्दर

धागा छान, पण मंद्रसप्तकराव, तुम्ही एक गोष्ट सांगायचं टाळताय. व्हिएन्नात फिगारोचे १७८६ मध्ये एकूण खेळ झाले ९. नऊ! १८ डिसेंबरनंतर ते तिथे बंद, थेट १७८९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उभं राहिलं.

त्या वर्षी व्हिएन्नाने खरं डोक्यावर घेतलेले ऑपेरे दोन. ११ जुलैला डिटर्सडोर्फचं 'डॉक्टर आणि औषधवाला', जर्मन, घरगुती विनोदी, साध्या चाली. आणि १७ नोव्हेंबरला मार्तिन इ सोलेरचं 'उना कोसा रारा'. याची संहिताही दा पोंतेचीच! गायकही बरेचसे फिगारोवालेच: स्टोरास, बेनुच्ची, मांदिनी. म्हणजे तोच लेखक, तीच नट मंडळी, तेच नाट्यगृह. बदलला तो फक्त संगीतकार, आणि लोक वेडे झाले. दा पोंते आठवणीत सांगतो की बायकांनी 'कोसा रारा' पद्धतीचे पोशाख शिवून घेतले.

मोझार्टचं संगीत त्या काळच्या कानाला जड जात होतं. हे मान्य करायला काय हरकत आहे? दरबार, कारस्थानं, सालिएरी... हे सगळं नंतरचं मीठमिरची.

---

मंद्रसप्तक

@बोरूबहाद्दर, टाळत नव्हतो, तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं. :)

९ हा आकडा खरा आहे. पण जो खेळ पडतो त्याच्यासाठी तिसऱ्या खेळात सात वन्स मोअर होत नाहीत, आणि सम्राटाला फर्मान काढावं लागत नाही. तेव्हा एखादा ऑपेरा महिनोन्महिने रोज चालवायची रीतच नव्हती. आज हा, उद्या तो, परवा गद्य नाटक.

कारस्थानांचं म्हणाल तर अर्धी हकीकत दा पोंतेच्या आठवणींतली, आणि ते गृहस्थ स्वतःला नेहमी नायकाच्या जागी ठेवून लिहितात हे लक्षात ठेवूनच वाचायची. तरी तिसऱ्या अंकातल्या नाचाची गोष्ट मला आवडते. सम्राटाने दरबारी ऑपेरात नाच घालायला मनाई केली होती. नाट्यगृहाचा प्रमुख काउंट रोझेनबेर्ग याने दा पोंतेला बोलावून संहितेतली नाचाची पानं फाडली. दा पोंते गप्प बसला. रंगीत तालमीला सम्राट हजर, तो प्रवेश आला, वाद्यवृंद थांबला, आणि नाटकातला काउंट व सुझान्ना (फिगारोची होणारी बायको) नुसतेच हातवारे करत उभे. सम्राट म्हणाला, हा काय प्रकार? दा पोंतेने मूळ प्रत पुढे केली. झालं, नर्तक आणायचा हुकूम सुटला आणि नाच परत आला. आजही तो फांदांगो तिथेच आहे.

केलीचा किस्सा याहून बरा, कारण त्यात मोझार्ट प्रत्यक्ष दिसतो. पहिल्या पूर्ण तालमीला मोझार्ट किरमिजी रंगाचा फरचा कोट आणि सोनेरी किनारीची टोपी घालून वाद्यवृंदाला लय देत उभा होता. फिगारो झालेल्या बेनुच्चीने पहिल्या अंकाच्या शेवटचं 'नोन प्यू आंद्राई' घेतलं, केरुबिनोला फौजेत धाडतानाचं. शेवटची ओळ त्याने अशा दणक्यात टाकली की मंचावरचे आणि खालचे सगळे 'ब्राव्हो माएस्त्रो' ओरडायला लागले. मोझार्ट मात्र तोंडातल्या तोंडात 'ब्राव्हो बेनुच्ची' म्हणत होता.

---

व्हायोलाबाई

आमच्या गावच्या हौशी वाद्यवृंदात मी व्हायोला वाजवते (गाव जर्मनीतलं, बाई सांगलीची). फिगारो आम्ही नाट्यगृहात नाही, नुसतं मैफलीत वाजवलं. त्यामुळे मला हे खड्ड्यातून, म्हणजे वाद्यवृंदाच्या बाजूने सांगता येईल.

'एकाहून अधिक जणांनी गायचं गाणं पुन्हा नको' या फर्मानाचा घाव फिगारोवर सगळ्यात जास्त बसतो, कारण त्यातली जवळजवळ निम्मी गाणी द्वंद्वगीतं, त्रिकूटं, षट्कं अशी आहेत. बाकीच्यांच्या ऑपेरात माणूस पुढे येतो, आपलं गाणं म्हणतो, टाळ्या घेतो, जातो. इथे गोष्टच गाण्यांत पुढे सरकते.

दुसऱ्या अंकाचा शेवट घ्या. ९३९ मात्राखंड, न थांबता, साधारण वीस मिनिटं. सुरुवातीला मंचावर दोघंच: काउंट आणि काउंटेस. काउंटची खात्री आहे की कपड्यांच्या खोलीत केरुबिनो लपलाय, आणि तो दार फोडायला निघालाय. दार उघडतं आणि बाहेर येते सुझान्ना! इथे मोझार्टने काय करावं? दुसऱ्या कोणीही इथे ढोल बडवले असते. तो एकदम आवाज खाली आणतो, लय संथ करतो, तीन-आठच्या तालात व्हायोलिनं चोरपावलांनी नाचल्यासारखी चालतात. सुझान्ना अगदी भोळेपणाने म्हणते, एवढं नवल कशाचं सरकार? घ्या तलवार, मारा त्या पोराला. त्या जागी आम्ही वादक हसू दाबून वाजवत असतो.

मग फिगारो येतो, तेव्हा चौघं. मग माळी आंतोनियो फुटलेली कुंडी घेऊन येतो: तुमच्या खिडकीतून कोणीतरी माझ्या फुलांवर माणूस टाकला! फिगारो म्हणतो तो मीच, आणि लगेच लंगडायला लागतो. माळ्याला एक कागद सापडलाय. काउंट तो हातात घेऊन विचारतो, सांग पाहू हा कसला कागद? फिगारोला माहीत नाही. काउंटेस ओळखते आणि सुझान्नाला कुजबुजते, सुझान्ना फिगारोला: केरुबिनोचा फौजेतला नेमणूकपत्राचा कागद. बरं, तुझ्याकडे कसा? पुन्हा कुजबूज: त्याच्यावर शिक्का मारायचा राहिला होता. हे सगळं चालू असताना वाद्यवृंद एकच छोटा, झुलता तुकडा वेगवेगळ्या पट्ट्यांत फिरवत राहतो. चौकशी करणारा पोलीस जसा शांतपणे तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो ना, तस्सं. उत्तर मिळेपर्यंत सूर घरी परतत नाही. हा भाग वाजवायला सोपा आहे, पण मोजणं चुकलं तर मेलात.

शेवटी फिगारोच्या विरोधातले मार्चेल्लिना, डॉक्टर बार्तोलो, बाझिलियो घुसतात आणि सात जण दोन फळ्या करून भांडत पडदा पडतो.

आता पडद्यामागची गंमत. पहिल्या संचात आंतोनियो आणि बार्तोलो दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे होत्या: फ्रांचेस्को बुस्सानी, केरुबिनो झालेल्या दोरोतेआचा नवरा. म्हणजे कुंडीवाला माळी म्हणून बाहेर जायचं, धावत कपडे बदलायचे आणि काही मिनिटांत डॉक्टर म्हणून परत यायचं. पट्टीमागून पट्टी बदलत ती कागदाची चौकशी चाललेली असताना आत बुस्सानी बहुधा बाराबंदी, नव्हे, कोट शोधत असणार.

हे पुन्हा म्हणा असं कोण सांगेल? वीस मिनिटांचं वन्स मोअर! सम्राटाचं मला तरी पटतं.

---

बोरूबहाद्दर

व्हायोलाबाई, दंडवत. पण यानेच माझा मुद्दा पक्का होतो. हे सगळं एका बैठकीत त्या काळच्या प्रेक्षकाला झेपणार कसं? मध्यंतरात गप्पा, खाली पत्ते, आणि वर कुजबुजीचे पदर.

---

आडगावची_सोप्रानो

व्हायोलाबाईंच्या प्रतिसादाला +१००.

बोरूभाऊ, जुलैमध्येच 'वीनर रेआलत्साइटुंग' या व्हिएन्नाच्या नियतकालिकाने लिहिलंय की पहिल्या दिवशी काहींना काय चाललंय ते कळलं नाही, प्रयोगही नीट बसला नव्हता, पण पुढच्या खेळांनंतर या संगीताला नावं ठेवणं कठीण. त्याच लेखात ते सुप्रसिद्ध वाक्य आहे, की आजकाल जे बोलायला परवानगी नाही ते गाऊन सांगतात. तेव्हा झेपणाऱ्यांना झेपलं होतं.

आणि गायिकांबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून मीच. नॅन्सी स्टोरास, पहिली सुझान्ना, वय वर्षं २०. इंग्रज. आदल्या वर्षी १७८५ च्या जूनमध्ये भावाच्या ऑपेराच्या पहिल्याच खेळात हिचा आवाज बसला, काही महिने मंचावर उभी राहू शकली नाही. नवरा मारकुटा, त्याला जोसेफने व्हिएन्नातून घालवून दिलं. आणि त्यानंतर वर्षाच्या आत ती सुझान्ना करते, जी सबंध ऑपेराभर मंचावरून क्वचितच हलते. वरच्या सुरांची आतषबाजी मोझार्टने तिला दिलेली नाही, मधल्या सप्तकातलं बोलकं गाणं दिलंय. मी स्वतः गाते म्हणून सांगते, चौथ्या अंकातल्या बागेतल्या गाण्यात एकही सूर मिरवण्यासाठी नाही, आणि म्हणून ते जास्त अवघड.

आणि माळ्याची छोटी पोर बार्बारिना? आन्ना गोटलिब, प्रयोगाच्या दोनच दिवस आधी १२ वर्षांची झालेली. पाच वर्षांनी 'जादूच्या बासरी'त हीच पहिली पामिना.

अवांतर: त्याच एप्रिलात आपल्याकडे सवाई माधवरावही बाराच वर्षांचे झाले होते. संबंध काही नाही. मला आपली साल डोळ्यासमोर आणायची अशी खोड आहे.

---

मडगांवकार

देव बरें करूं. हांव मराठीत लिहायचा प्रयत्न करतो, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे ऑपेरातच बसलेत. त्याच वर्षी ९ एप्रिलला हाम्बुर्गमध्ये काय झालं बघा. कार्ल फिलिप एमानुएल बाख, म्हणजे थोरल्या बाखचा मुलगा, गरिबांच्या दवाखान्याच्या मदतीसाठी मैफल करतो. त्यात बापाच्या बी मायनर मिसातला, म्हणजे चर्चच्या उपासनेसाठीच्या संगीतातला, 'क्रेदो' हा भाग. बापाला जाऊन ३६ वर्षं झालेली. लोकांसमोर हा भाग असा पहिल्यांदाच आला. सोबत हॅन्डेलच्या 'मसाया'तलं 'हालेलुया' आणि स्वतःचं 'माग्निफिकात'. एकाच संध्याकाळी! पुढच्याच महिन्यात, १९ मे, बर्लिनच्या कॅथीड्रलात हिलर याने सुमारे ३०० लोक घेऊन 'मसाया' केलं.

मी पॅरिश स्कुलात सोल्फेज (कागदावरचे सूर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकलो, इगर्जेत (चर्चमध्ये) लॅटिन क्रेदो म्हणत वाढलेल्या माणसांकडून. आमच्या त्या पिढीतले कितीतरी जण पुढे मुंबईला सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले, कारण कागदावरचे सूर वाचता यायचे. त्यामुळे मला या क्रेदोचं अप्रूप जास्त. तुमचा तो तिकीट काढलेला व्हिएन्नाचा माणूस नवीन माल बघत होता. हाम्बुर्गात मात्र एक म्हातारा मुलगा ७२ व्या वर्षी जुनं बाड उघडत होता. जुनं संगीत मुद्दाम काढून वाजवायचं ही सवय युरोपला तेव्हा फारशी नव्हती.

---

बोरूबहाद्दर

मडगांवकारांनी दार उघडलंच आहे तर पॅरिसही घेऊ. १७८५-८६ मध्ये हायडनने पॅरिससाठी सहा सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदाच्या मोठ्या रचना, लिहिल्या. मागणी काउंट दोन्यी याची, वाजवणारी 'कोंसेर द ला लोज ओलिंपिक' ही संस्था. चाळीस व्हायोलिनं, दहा डबल बेस, वादक आकाशी रंगाचे कोट घालून, कमरेला तलवार! आणि हायडन कुठे? एस्तरहाझात, मालकाच्या नाट्यगृहात, वर्षाला शंभराहून जास्त ऑपेराचे प्रयोग बसवत. ज्या पॅरिसने त्याला एका सिंफनीचे २५ लुई दिले ते पॅरिस त्याने पाहिलंही नव्हतं.

पॅरिसमध्येच साक्कीनी या संगीतकाराचे हाल झाले. ४ जानेवारीला व्हर्सायला त्याचा 'ईडिपस' दरबारापुढे झाला. पॅरिसच्या रसिकांपर्यंत पोचायच्या आत, ६ ऑक्टोबरला, तो वारला. १ फेब्रुवारी १७८७ ला तो ऑपेरा पॅरिसला आला आणि पुढे अर्धशतक चालत राहिला. नऊ खेळांचं दुःख करणाऱ्यांनी इकडेही बघावं.

आणि १७ ऑगस्टला बासरीवाला राजा गेला, प्रशियाचा फ्रेडरिक. गादीवर आलेला पुतण्या चेलो वाजवणारा. वाद्यपालट!

---

मंद्रसप्तक

'वाद्यपालट' ढापणार आहे.

वर्षाचा शेवट सांगून टाकतो. १८ ऑक्टोबरला मोझार्टला मुलगा झाला, योहान थोमास लेओपोल्ड. १५ नोव्हेंबरला तो गेला, महिनाही भरला नव्हता. त्याच सुमारास मोझार्टने वडिलांना विचारलं होतं की आम्ही दोघं इंग्लंडकडे दौरा काढतो, मुलांना सांभाळाल का? वडील साल्झबुर्गला मोझार्टच्या बहिणीच्या बाळाला सांभाळतच होते, ते मोझार्टला कळलं होतं. वडिलांनी साफ नकार दिला. मुलीला लिहिलेल्या पत्रात ते जे म्हणतात त्याचा आशय असा: वा, हे बरंय! ही दोघं खुशाल फिरणार, मरतील किंवा तिकडेच राहतील, आणि मी मुलं घेऊन यांच्या मागे पळायचं. पत्राची तारीख १७ नोव्हेंबर. बरोबर त्याच संध्याकाळी बुर्गथिएटर या दरबारी नाट्यगृहात 'कोसा रारा'चा पहिला खेळ.

आणि तरी डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात वहीत काय आहे? ४ तारखेला सी मेजरमधला भव्य पियानो कॉन्चेर्टो, ६ तारखेला 'प्राग' सिंफनी. त्याच महिन्यात प्रागमध्ये बोंदिनीच्या कंपनीने फिगारो केलं आणि तिथे ते तुफान चाललं. जानेवारीत मोझार्ट स्वतः तिकडे गेला तेव्हा त्याने मित्राला कळवलं की इथे बोलतात ते फिगारो, वाजवतात ते फिगारो, शिट्टीवर वाजवतात तेही फिगारो. बोरूभाऊ, तोच काळ, तेच कान. फक्त शहर वेगळं.

---

बोरूबहाद्दर

शहर वेगळं हे मान्य. पण मोझार्ट स्वतः कोसा रारा विसरला नव्हता. पुढच्या वर्षी प्रागसाठीच लिहिलेल्या 'दोन जोव्हान्नी'त नायक जेवायला बसतो तेव्हा वाजंत्रीवाले आधी 'कोसा रारा'तला तुकडा वाजवतात, नोकर 'ब्राव्ही! कोसा रारा!' म्हणून दाद देतो. मग सार्ती या संगीतकाराच्या ऑपेरातला एक तुकडा. आणि मग 'नोन प्यू आंद्राई', तेव्हा नोकर म्हणतो, हे तर मला नको तितकं पाठ आहे. नोकर कोण झालाय? प्रागच्या फिगारोत जो फिगारो झाला होता तोच, फेलिचे पोन्झियानी. प्रेक्षक किती हसले असतील!

---

आडगावची_सोप्रानो

डिसेंबरअखेरची एक नोंद राहिली. 'मामझेल स्टोरास आणि माझ्यासाठी': आवाज, पियानो आणि वाद्यवृंद, तिघांसाठी एक रचना. शब्द तेच, जे मार्चमध्ये 'इदोमेनेओ'च्या खासगी प्रयोगासाठी त्याने आधी एकदा संगीतबद्ध केले होते. तिथे गळ्याच्या जोडीला व्हायोलिन होतं, इथे पियानो, आणि पियानोवर तो स्वतः. 'तुला विसरू म्हणतोस?' अशी सुरुवात आहे. फेब्रुवारीत नॅन्सी आई, भाऊ, केली आणि मोझार्टचा शिष्य ॲटवुड यांच्याबरोबर लंडनला गेली. यावरून दोघांचं काही होतं का वगैरे दळण कृपया इथे दळू नये. गाणं ऐकावं.

---

दहावी_ड

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. सुरुवात कुठून करू? फिगारो तीन तासांचा आहे म्हणे.

---

व्हायोलाबाई

तीन तास अंगावर घेऊ नका. दुसऱ्या अंकाचा शेवट लावा, इटालियन आणि इंग्रजी मजकूर समोर ठेवून. आधी फक्त कागदाची चौकशी सुरू होते तिथपासून. कोण कोणाला कुजबुजतंय ते कळलं की मागे या, सुझान्ना दारातून बाहेर येते तिथे. मग ए मेजर कॉन्चेर्टोचा मधला भाग, मार्चवाला. नॅन्सीचं गाणं शेवटी. पहिला अंक पुढच्या रविवारी.

---

दहावी_ड

माळी येईपर्यंत पोचलो. कुंडी फुटलेली. पुन्हा लावतो.